बहिणीला रिवाज, पुतण्याला शरियत

ताई, सलाम.

मी मुंब्र्याला राहते, वय ४३. माहेर दापोली तालुक्यात. अब्बांना जाऊन दोन महिने होत आले. आम्ही सहा भावंडं, तीन भाऊ आणि तीन बहिणी. थोरले भाई २०२१ मध्ये करोनात गेले, म्हणजे अब्बांच्या आधी. त्यांच्यामागे वहिनी आणि दोन लहान मुलं. अब्बांनी बावीस वर्षं कुवेतला काढली. त्या कमाईतून गावचं घर बांधलं आणि इथे कौशाला एक फ्लॅट घेतला. गावात हापूसची बाग आहे, ती आजोबांपासूनची.

चाळिसाव्याचे पाहुणे पांगले आणि मधल्या भावाने आम्हा बहिणींपुढे कागद ठेवले. हक्कसोडपत्र. म्हणाला, "आपल्यात बहिणी हिस्सा घेत नाहीत. फुफींनी (आत्यांनी) तरी कुठे घेतला? शिवाय तुमच्या लग्नात वीस-वीस तोळे घातलेत." धाकटीने तर पेन उचललं होतं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. मग वहिनीने हळूच आपल्या मुलांचं विचारलं, तर धाकटा भाऊ म्हणाला, "बाप आधी गेला की शरियतमध्ये नातवंडांना काही नसतं. आमचाही नाइलाज आहे."

अम्मी मूळची कण्णूरची. ती इद्दतीत (विधवेच्या दुखवट्याच्या मुदतीत) आहे, फार बोलत नाही, पण एवढं म्हणाली की आमच्याकडे घर मुलीचं असतं. त्यावर भाऊ म्हणाला, "हे मलबार नाही." माझं सासर कच्छी मेमन. सासूबाई म्हणतात, आमच्यात तर इंग्रजांच्या कोर्टानेच मुलींना नाही म्हटलं होतं, तू कशाला भांडतेस? मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव.

मला खरंच हिस्सा आहे का? मागितला तर माहेर तुटेल का? भाईंच्या मुलांसाठी काहीच होऊ शकत नाही का? आणि मला स्वतःला दोन मुलीच आहेत, हे सगळं बघून त्यांचीही काळजी वाटायला लागली आहे.

— एक बहीण, मुंब्रा

बहीणबाई, वालेकुम सलाम.

आधी कामाचं बोलते: सही करू नका. धाकटीला आजच फोन करून सांगा की तिनेही करू नये. बाकीचं निवांत वाचा.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी वहीत एकाखाली एक लिहून काढली. "आपल्यात बहिणी हिस्सा घेत नाहीत" हा झाला रिवाज. "शरियतमध्ये नातवंडांना काही नसतं" ही झाली शरियत. एकाच घरात, एकाच संध्याकाळी, एकाच सतरंजीवर बसून दोन्ही कायदे वापरले गेले आणि दोन्ही वेळा माप एकाच बाजूच्या पोत्यात पडलं. मी तीस वर्षं कोकणातल्या तालुका कोर्टात वकिली केली, हिंदूंच्याही वाटण्या पाहिल्या, मुसलमानांच्याही. रिवाज वाईट आणि शरियत चांगली, किंवा त्याच्या उलट, असं मी मानत नाही. मी फक्त बघते की कोणता नियम कोणाच्या वेळी आठवतो.

आता हिस्सा. अब्बांचे आईवडील हयात नाहीत असं धरून चालते. सुन्नी कायद्याप्रमाणे मुलंबाळं असलेल्या माणसाच्या विधवेला एक अष्टमांश. उरलेलं मुलांमध्ये, मुलाला दोन भाग तर मुलीला एक. तुमच्या घरात हयात मुलगे दोन आणि मुली तीन, म्हणजे उरलेल्याचे सात भाग. सात अष्टमांशाचे सात भाग केले की एकेक भाग बरोबर एक अष्टमांशाचा. इतका सरळ हिशेब क्वचितच निघतो. आपल्याकडे जुनी माणसं आणेवारीत बोलतात तसं बोलायचं तर सोळा आण्यांत अम्मींचे दोन आणे, तिघी बहिणींचे प्रत्येकी दोन आणे, दोघा भावांचे प्रत्येकी चार आणे. बेरीज करून बघा. तुम्ही कोकणी म्हणून शाफई आणि सासर मेमन म्हणून हनफी असलं तरी या हिशेबात मजहबाने, म्हणजे कायद्याच्या पंथाने, काही फरक पडत नाही.

हे दोन आणे भाऊ "देणार" नाहीत. ते अब्बा गेले त्या क्षणी तुमचे झाले. सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांना हिस्सा आहे आणि स्त्रियांनाही हिस्सा आहे, मालमत्ता थोडी असो वा फार, असं सांगून शेवटी तो हिस्सा ठरवून दिलेला आहे असं म्हटलंय. "थोडी असो वा फार" हे शब्द मला फार शहाणे वाटतात. बाग एवढीशी, तिचे तुकडे काय करायचे, हा युक्तिवाद तेव्हाही कोणीतरी करत असणारच.

वाटणीच्या आधी मात्र काही देणी चुकवावी लागतात. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशापर्यंत, आणि मग वारसा. कर्जाच्या ओळीत एक गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते: अम्मींचा मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम. तो दिला गेला होता का? निकाहनाम्यात काढून बघा. नसेल दिला तर ते अब्बांच्या डोक्यावरचं कर्ज आहे आणि ते वाटणीच्या आधी अम्मींच्या हातात पडलं पाहिजे, त्यांच्या दोन आण्यांव्यतिरिक्त. शाफईंमध्ये तर राहिलेली जकात आणि ऐपत असून राहिलेला हजसुद्धा कर्जातच धरतात. त्यासाठी कोर्ट तुमच्या दारात येणार नाही, पण भाऊ शरियतचं नाव घेतायत तर ती पहिल्या पानापासून वाचायला हरकत नाही.

वीस तोळ्यांचं म्हणाल तर, बापाने हयातीत लेकीला जे दिलं ती भेट. मुस्लिम कायद्यात ती वारशातून वजा होत नाही. बापाच्या हयातीत मुलांना मालमत्तेत कसलाच हक्क नसतो, वडिलोपार्जित म्हणून जन्मतः मिळणारा हिस्सा हा प्रकारच तिथे नाही. त्यामुळे "तेव्हाच तुझा हिस्सा दिला" याला आधार नाही, कारण तेव्हा हिस्साच नव्हता. एक अपवाद लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गुलाम अब्बास यांच्या खटल्यात म्हटलं की पुढे मिळणाऱ्या वारशावर आधीच पाणी सोडता येत नाही, पण त्याच्या बदल्यात कोणी ठरवून मोबदला घेतला असेल तर त्याला नंतर तोंड फिरवता येत नाही. २०११ मध्ये केरळमधल्या रावुतर कुटुंबातल्या एका वादात न्यायालयाने तीच वाट धरली. म्हणून विचारते, लग्नाच्या वेळी किंवा नंतर अब्बांनी "हे घे आणि वारसा सोड" अशा अर्थाच्या कागदावर तुमची सही घेतली होती का? नसेल तर तोळ्यांचा विषय संपला.

आता रिवाजाकडे येते, कारण तुमच्या घराचा खरा गुंता तिथे आहे. कोकणी बाप, मलबारी आई, मेमन सासर. एकाच जेवणाच्या दस्तरखानावर तीन रिवाज बसलेत आणि तिघेही "आमच्यात" या शब्दाने सुरुवात करतात.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन बायकांचे वारशाचे दावे आले. कुराणात आम्हाला हिस्सा आहे, तो द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पेरी यांनी समाजाच्या जुन्या चालीला मान दिला आणि मुली हरल्या. या जमाती मुसलमान झाल्या तरी वारशाची चाल जुनीच राहिली होती, आणि इंग्रज न्यायाधीशाने तिच्यावर शिक्का मारला. पण सासूबाईंनी गोष्ट अर्ध्यावर सोडली. १९३८ मध्ये कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा झाला आणि वारशाच्या बाबतीत ते सरळ मुस्लिम कायद्याखाली आले. त्याच्या एक वर्ष आधी, १९३७ मध्ये, शरियत कायदा आला होता. तो आणताना उद्देशाच्या निवेदनात मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी रिवाजी कायद्याचा निषेध केल्याचा उल्लेख होता. आज शरियत कायदा म्हटलं की लोकांना बाईच्या विरुद्धचं काहीतरी आठवतं, पण तेव्हा तो निदान वारशापुरता बाईच्या बाजूने मागितला गेला होता. सासूबाईंना हे सांगताना आवाज चढवू नका. त्यांनाही त्यांच्या माहेराहून काही मिळालं नसणार.

अम्मी म्हणतात तेही खरं. उत्तर मलबारात, कण्णूरच्या बाजूला, माप्पिळा (मलबारी मुसलमान) घराण्यांत तरवाड, म्हणजे आईच्या वंशाचं एकत्र घराणं, चालायचं. घर आईकडून लेकीकडे जायचं आणि नवरा बायकोच्या घरी राहायला यायचा. मद्रास प्रांताने १९१८ मध्ये कायदा करून माणसाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेला मुस्लिम वारसा लावला, आणि पुढे तरवाड वाटून घ्यायची मोकळीक दिली. लक्षद्वीपमध्ये तर लोकांनी दोघांना दोन वार वाटून दिलेत: तरवाडाची ती शुक्रवारची मालमत्ता, स्वतः कमावलेली ती सोमवारची. शुक्रवारची आईच्या वंशात फिरते, सोमवारची शरियतने वाटली जाते. मला हे नाव इतकं आवडलं की कोर्टात एकदा उगाचच सांगितलं होतं आणि साहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितलं. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांतही वंशपरंपरेची शेती आणि घर लेकींकडे, आणि स्वतःची कमाई शरियतने, अशीच घडी बसवलेली आहे. जावामध्ये मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक हे सांगायची म्हणच आहे: मुलगा कावड खांद्यावर घेतो, तिला दोन टोपल्या; मुलगी एक टोपली कडेवर घेते.

म्हणजे रिवाज फक्त बायकांचं काढून घेतो असं नाही. कण्णूरला तो शरियतपेक्षा जास्त देतो, दापोलीला काहीच देत नाही. तुमचा भाऊ म्हणाला "हे मलबार नाही", बरोबर आहे. दापोलीच्या मालमत्तेला कण्णूरचा रिवाज लागणार नाही. पण मग दापोलीचा तरी का लागावा? १९३७ च्या कायद्याने घर आणि फ्लॅट, बँकेतला पैसा, सोनं या सगळ्याच्या वारशातून रिवाज बाहेर काढला. कोणत्या गावचा, कोणत्या जमातीचा, हे विचारलंही नाही.

एक फट राहिली आहे आणि ती मी लपवणार नाही, कारण भावाचा वकील ती शोधेलच. त्या कायद्याने शेतजमीन वगळली. तेव्हाच्या घटनेप्रमाणे शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, दिल्लीला तिला हात लावता येत नव्हता. केरळसारख्या काही राज्यांनी नंतर ती आत घेतली, आपण घेतली नाही. तेव्हा बागेपुरतं "आमच्यात मुलींना न देण्याचा रिवाज आहे" असं भाऊ कोर्टात म्हणू शकतात. पण म्हणणं आणि सिद्ध करणं यात फार मोठा चढ आहे. रिवाज जुना हवा, ठाम हवा, खंड न पडता पाळलेला हवा, आणि तो आहे असं म्हणणाऱ्यानेच तो पुराव्याने दाखवायचा. तो सिद्ध झाला नाही तर बागेलाही मुस्लिम कायदाच लागतो. फुफींनी हिस्सा घेतला नाही म्हणजे फुफींना हिस्सा नव्हता असं होत नाही. उलट, हक्क "सोडला" म्हणता याचाच अर्थ हक्क होता. नसलेली गोष्ट कोणी सोडत नाही. भावाच्या हक्कसोडपत्रानेच त्याच्या वाक्याचा पाय ओढला आहे, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आणि फुफींनी खरोखर सोडला होता का, हेही बघाच. बागेचे जुने फेरफार काढा. आजोबांच्या वारसनोंदीत फुफींची नावं होती का? होती तर कोणत्या फेरफाराने कमी झाली, नोंदणीकृत कागदावर की नुसत्या "बहिणींनी तोंडी हक्क सोडला" या ओळीवर? मी अशा ओळी शेकड्यांनी वाचल्या आहेत. इतक्या वर्षांनी फुफींच्या मागणीला मुदतीचा कायदा आडवा येऊ शकतो, म्हणून त्यांना आशा लावू नका. पण त्या हयात असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. रिवाज म्हणजे काय ते तुम्हाला भावापेक्षा त्या नीट सांगतील.

"माफ केलं" या शब्दाबद्दलही सांगते. मय्यतीच्या घरात, डोळे रडून सुजलेले असताना, चार माणसांसमोर बहिणीला विचारायचं, "माफ केलंस ना?" ती नाही कशी म्हणेल? म्हणूनच हनफी मुफ्तींचे फतवे सर्रास सांगतात की वाटणी होण्याआधी, हातात काही न पडता, वारसाने नुसतं "मी सोडलं" म्हटल्याने त्याचा हक्क जात नाही. आधी तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्या, मग तिला वाटलं तर ती देईल. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, दुसरी वाट आहे, तखारुज: वारसाने काही ठरावीक वस्तू किंवा रक्कम घ्यायची आणि बाकीच्यातून बाहेर पडायचं. तो सौदा आहे, दोन्ही बाजूंना काही मिळतं. तुमच्यापुढे ठेवलेला कागद त्यातला नाही. देशाच्या कायद्यातही स्थावराचं हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय टिकत नाही. नोंदणी झाली की मात्र ते पक्कं. तेव्हा "साधा कागद आहे, तलाठ्याला दाखवायला" असं कोणी म्हटलं तरी हात मागे.

आता माहेर. यावर मी वकील म्हणून बोलत नाही.

एक म्हातारी माझ्याकडे यायची. तिने बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अंगठा दिला होता, दोन भावांना, हसत. पुढची वीस वर्षं मे महिन्यात आंब्याची पेटी यायची, ईदला कपडे यायचे. मग भाऊ गेले आणि पेटी थांबली. ती विधवा होऊन परत आली तेव्हा भाच्यांनी तिला पडवीत जागा दिली, तिच्याच बापाच्या घरात, आणि आल्यागेल्याला सांगायचे की फुफीला आम्ही सांभाळतो. माझ्याकडे येऊन ती कायदा विचारायची नाही. तिला फक्त त्या कागदावर काय लिहिलं होतं ते पुन्हा पुन्हा वाचून हवं असायचं, कारण तेव्हा कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

उलटंही पाहिलंय. हिस्सा घेतला आणि दहा वर्षं बोलणं बंद. खोटी आशा दाखवत नाही, तुमच्या बाबतीत काही काळ तसं होऊ शकतं. पण ज्या माहेराची किंमत दोन आणे आहे ते माहेर भावाचं नाही, अब्बांचं होतं, आणि त्यात तुमचे दोन आणे आहेतच. भीती वाटते म्हणून सही केली तर ती भीती कागदासोबत जात नाही. पुढच्या प्रत्येक खेपेला उंबऱ्यावर उभी असते.

भाईंच्या मुलांचं मात्र तुमचा धाकटा भाऊ बोलला ते, दुर्दैवाने, बरोबर आहे. हयात मुलगा असला की आधी गेलेल्या मुलाची मुलं आजोबांच्या वारशात येत नाहीत. हा नियम मला कायम टोचत आला आहे, आणि टोचणारी मी एकटी नाही. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसीयतीची तरतूद केली. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात त्यांना बापाचा हिस्सा दिला. इंडोनेशियाच्या १९९१ च्या इस्लामी कायदेसंग्रहात बापाच्या जागी वारस म्हणून ती येतात. आपल्याकडे असं काही नाही. अब्बांनी एक तृतीयांशाच्या आत वसीयत केली असती तर प्रश्न मिटला असता, कारण नातवंडं वारस नाहीत म्हणून त्यांच्या नावे वसीयत बिनतक्रार चालते. अब्बांची पेटी, कुवेतहून आणलेली फाइल, बँकेचा लॉकर नीट बघा. वसीयत लेखीच हवी असंही नाही. चार माणसांसमोर ते काही बोलले होते का, हे विचारा.

आणि एक गोष्ट भावांना शांतपणे विचारा. भाई २०२१ मध्ये गेले तेव्हा त्यांचं जे होतं, बँकेतलं, फंडातलं, त्यात अब्बांचा एक षष्ठांश होता आणि अम्मींचाही एक षष्ठांश. मुलाकडून बापाकडे वारसा जातो. तो अब्बांनी घेतला असेल तर आता अब्बांच्या मालमत्तेतून तो काकांकडे चालला आहे. पोरांच्या बापाचा पैसा वर गेला, खाली येताना मात्र शरियत आडवी आली. तसंच गावचं घर बांधताना भाईंनी पैसे घातले होते का? वहिनींकडे बँकेच्या नोंदी असतील. तो हिस्सा भाईंचा ठरला तर त्यात वहिनी आणि मुलं वारस आहेत, तिथे नातवंडांचा नियम लागत नाही.

याउपर काहीच निघालं नाही तर सूरह निसाची आठवी आयत उघडा, हिस्सा सांगणाऱ्या सातव्या आयतीच्या लगेच खालची. वाटणीच्या वेळी नातेवाईक, यतीम (अनाथ) आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून काही द्या आणि त्यांच्याशी चांगलं बोला, असं तिथे सांगितलंय. भाई आज हयात असते तर त्यांचा हिस्सा सोळा आण्यांत तीन आण्यांहून किंचित जास्त झाला असता. तो आता पाच भावंडांमध्ये विरघळला आहे. तुमच्या दोन आण्यांत त्यातला अर्ध्या आण्याहूनही कमी आहे, भावांच्या चार आण्यांत प्रत्येकी आण्याच्या आत. तेवढं ज्याने त्याने परत ठेवलं की पोरांचं झालं. तुम्ही तिघी बहिणी सुरुवात करा. "आमचं आम्हाला द्या, आणि त्यातून पोरांचं आम्ही देतो, तुम्ही किती देता?" हे वाक्य जमातीच्या चार वडीलधाऱ्यांसमोर बोला. मग पुढचा नाइलाज कोणाचा आहे ते दिसेल. देणं वाटणीनंतर, हिब्याने (भेट म्हणून), नोंदणी करून आणि ताबा देऊन करा. मुलं अज्ञान आहेत आणि मुस्लिम कायद्यात आई आपोआप मुलांच्या मालमत्तेची पालक होत नाही, म्हणून वहिनींनी कोर्टातून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी. पुढे कोणी काका "मी सांभाळतो" म्हणायला नको.

वाटणीचा माझा सल्ला असा. बाग भावांना हवी, ती तेच राखतात, फवारणी तेच करतात. ती शक्यतो त्यांच्याकडे राहू द्या आणि बहिणींनी फ्लॅट आणि पैसा या बाजूने आपली किंमत घ्यावी. फ्लॅटवर एखाद्या भावाचं नामनिर्देशन असेल तर घाबरू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत पुन्हा तेच सांगितलं. अम्मींना त्यांचे दोन आणे मुलांच्या नावे करायची घाई करू देऊ नका, इद्दत संपेपर्यंत तर नाहीच. त्यांच्या कण्णूरच्या घरात बाईच्या नावावर छप्पर असणं ही लाजेची गोष्ट नव्हती, हे त्यांना कोणीतरी आठवण करून द्यायला हवं.

तुमच्या मुलींचं थोडक्यात. मिस्टरांच्या मागे तुम्हाला एक अष्टमांश, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश. सासरे नाहीत असं धरलं तर, सासूबाई असल्या तर त्यांना एक षष्ठांश आणि चोविसातला फक्त एक भाग दीरांकडे. त्या नसल्या तर चोविसातले पाच. ते टाळायचं असेल तर हयातीत मुलींना हिबा करा, पण ताबा खरोखर द्यायला हवा आणि मरणासन्न आजारात वारसाला केलेला हिबा बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, तेव्हा वेळेत. दुसरी वाट विशेष विवाह कायद्याची. कासरगोडचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुलीच. त्यांनी ८ मार्च २०२३ ला आपल्याच बायकोशी त्या कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, म्हणजे वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यावरून त्यांना बोलणी बसली, हेही खरं. तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. मिस्टरांनी इथे "तुझं तू ठरव" म्हणून चालणार नाही.

आता लगेच करायचं काम. भावाने वारसनोंदीचा अर्ज दिला असेल तर गावच्या चावडीवर आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपली चावडी"मध्ये फेरफाराची नोटीस दिसेल. त्यात पाचही मुलांची आणि अम्मींची नावं आहेत का ते बघा. नसतील तर नोटिशीपासून पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या, म्हणजे तो फेरफार तक्रारी नोंदवहीत जातो आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मंजूर होत नाही. "तीन महिन्यांत सही नाही केली तर जमीन सरकारजमा होते" असं कोणी सांगेल. तीन महिन्यांची मुदत वारसा कळवण्याची आहे, सोडण्याची नाही, आणि कळवायचं काम तुम्ही स्वतःही करू शकता. मृत्यूचा दाखला आणि सातबारा घेऊन एक दिवस गावी जा, जमलं तर वहिनींना सोबत न्या.

नोटिशीवरची तारीख काय आहे आणि पंधरातले किती दिवस उरलेत, तेवढं मला उलट टपाली कळवा.